सहा वाजून दहा मिनिटांची ओळ

वरचा बाण एकदा दाबायचा, मग एंटर. रोज सकाळी मला एवढंच काम होतं. पुतणीनं ते मला पाच वेळा करून दाखवलं. सहाव्या वेळी मी म्हणाले, "बास आता. चौथी शिकलीया मी, आंधळी न्हाई."

लॅपटॉप तिच्या कंपनीनं मोडीत काढलेले होते. त्यातले दोन तिनं मागून घेतले. एक माझ्याकडं परंदवडीला ठेवला, दुसरा तिच्या आईकडं वलवणला. तिची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ. सत्तरीला आली तरी घरात सगळे तिला धाकली म्हणतात. एकत्र घराच्या वाटण्या झाल्या, मग आम्हा दोघींचे नवरे गेले. मी इकडं एकटी, ती तिकडं एकटी, आणि पुतणी तळेगावात खोली घेऊन राहायची. कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात तिची पाळी सकाळी सहाला लागायची. वलवणहून रोज वेळेवर पोचणं जमत नव्हतं, आणि धाकली घर सोडायला तयार नव्हती.

काळजी माझी नव्हती, धाकलीची होती. तिला साखरेचा आजार. नवी प्लॅस्टिकची चप्पल लागून तिच्या उजव्या पायाला करंगळीखाली जखम झाली होती, ती काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी पुतणीला सरळ सांगितलं होतं, या बाईला एकटं ठेवू नका. ठेवलंत तर रोज खबर घ्या, नाहीतर पायाचं विष अंगात जाईल आणि बाई हातची जाईल. फोन करावा तर धाकलीला ऐकू कमी येतं. घंटी वाजलेली तिला कळत नाही. आणि कळली, उचलला, तरी तिचं उत्तर एकच, "बरी हाय." तापानं फणफणलेली असली तरी बरी हाय.

पुतणी तिला म्हणाली, "आई, तू काय बोलतेस ते मला ऐकायचंच नाही. तू अंथरुणातून उठलीस, चार पावलं चालून टेबलापर्यंत आलीस, एवढं कळलं की मला पुरे."

म्हणून हा बाण आणि एंटर. धाकलीला एकटीलाच दिलं असतं तर ती म्हणाली असती, मला काय आजारी समजता. म्हणून मलाही दिलं.

मी पुतणीला विचारलं होतं, "यात हाय तरी काय?" तिनं काळी खिडकी उघडून फाईल दाखवली. आठ-नऊ ओळी होत्या, इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरं लागतात, शब्द लागत नाहीत. तिनं एकेका ओळीवर बोट ठेवून सांगितलं. पहिल्या ओळीत गावाचं नाव. मग घड्याळात किती वाजले ते. मग पत्ता. तो आकड्यांचा असतो, मध्ये मध्ये टिंबं. पत्त्यापुढं आणखी एक आकडा, तो दाराचा. एकेका मशीनला हजारो दारं असतात म्हणे. आपण कुठल्या दारावर जायचं ते आधी ठरवून ठेवायचं, आणि पलीकडं त्या दारामागं कुणीतरी कान देऊन बसलेलं असायला हवं. कुणीतरी म्हणजे माणूस नव्हे, असाच दुसरा प्रोग्राम. फाईल चालवली की ती त्या दारावर जाते, दार उघडलं की एक ओळ आत टाकते आणि दार लावून घेते. पलीकडचं मशीन ती ओळ पुतणीच्या कॉम्प्युटरवर, मोबाईलवर आणि आम्हा दोघींच्या पडद्यांवर दाखवतं. ओळ अशी: वलवण, ठीक आहे, पाच त्रेपन्न.

"आन दारामागं कुणी नसलं तर?"

"तर तुला लाल अक्षरात सांगेल, मोठी आई. मग परत बाण, परत एंटर."

हे मला पटलं. पुढं आषाढात एकदा तसं झालंही. वीज जाऊन येऊन चालली होती, चार वेळा लाल अक्षरं आली, पाचव्या वेळी ओळ गेली. मी कुणाला विचारायला गेले नाही.

आता माझ्या पडद्यावर धाकलीची ओळ कशाला, ते सांगते. आम्ही दोघी चौदा महिने बोलत नव्हतो.

कारण मी. पुतणी लग्नानंतर दोन वर्षांत सासर सोडून परत आली होती. भावकीतल्या एका साखरपुड्यात, पंगत बसलेली असताना, चार बायका तिच्यावरून कुजबुजत होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, "पोरीला शिकिवलं लय, नांदायला तेवढं शिकिवलं न्हाई." बायका हसल्या. धाकली वाढत होती. तिनं मसालेभाताचं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि न जेवता वलवणला निघून गेली. पुतणी तिथंच पाणी वाढत होती. ती पाणी वाढत राहिली.

मी बोलले ते वाईट होतं आणि खोटंही होतं. तो नवरा काय लायकीचा होता ते मला ठाऊक होतं. पण बोललेलं परत घ्यायची मला सवय नाही. पुतणी महिन्याभरानं आपणहून माझ्याकडं आली, काही झालंच नाही असं वागली. तिच्या आईनं मात्र मनातून काढलं नाही.

आमच्याकडं जावाजावांचा अबोला काही नवा नाही. माझ्या सासूनं तिच्या जावेशी सात वर्षं धरला होता, एका चुलीवर स्वयंपाक करून. त्याला रीत असते. काम अडू द्यायचं नाही, पण तोंडाकडं बघून बोलायचं नाही. सांगायचं असेल ते भिंतीला सांगायचं, मांजराला सांगायचं. "ए मांजरे, सांग तिला, दूध उतू चाललंय." जी आधी तोंडावर बोलली ती हरली. मग तिच्या सुना-नातवंडांपर्यंत सगळे तिला त्यावरून चिडवतात.

पुतणीला या रितीचा कंटाळा आला होता. ती म्हणाली, "नका बोलू. पण निदान एकमेकींची ओळ तरी बघा." तिला वाटलं, रोज ओळ बघून राग निवेल.

झालं उलटं. मी पहाटे टेबलाशी बसायचे आणि पडद्याकडं बघायचे. धाकलीची ओळ आली नसेल तर माझं बोट बाणावर जायचं नाही. तिच्या आधी ओळ पाठवली म्हणजे मी आधी बोलले. आणि तिकडं धाकलीही हेच करत होती. सहा वाजायचे, साडेसहा, सात, तरी दोन्ही पडदे कोरे. कंपनीत पुतणीचा जीव टांगणीला. तिथं मोबाईल आत नेऊ देत नाहीत, समोरच्या कॉम्प्युटरवर ओळ दिसेल तीच. दोनदा ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून वलवणला धावत गेली. दोन्ही वेळा धाकली टेबलाशी चहा घेऊन बसलेली, धडधाकट. पुतणीच्या साहेबानं तिला सांगितलं, तिसऱ्यांदा असं झालं तर मग घरीच बसा.

पुतणीनं आम्हा दोघींना वेगवेगळं झापलं. मला म्हणाली, "सव्वासहाच्या आत दोघींच्या ओळी पाहिजेत. आधी कोण, नंतर कोण, मला काही ऐकायचं नाही. तुम्ही दोघी मिळून माझी नोकरी घालवाल."

तिचं खरं होतं. पण तरी मी आधी दाबणार नव्हते.

आमच्या रस्त्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ते चालवणारी बाई गावातल्या मुसलमान घरातली, डिप्लोमा केलेली, दोन लेकरांची आई. आमच्या शेजारात वाढली म्हणून मला मावशी म्हणते. मी लॅपटॉप पिशवीत घालून तिच्याकडं नेला.

"काय मावशी, रील काढायला लागलात का काय?"

"थट्टा ऱ्हाऊ दे. ही फाईल बघ. रोज सकाळच्याला मी दाबती. मला दाबायचं न्हाई. आपली आपण गेली पायजे."

तिनं ओळी वाचल्या. "सोपं आहे. मशीनच्या वेळापत्रकात एक ओळ टाकायची. रोज सहाला ही फाईल स्वतःहून चालेल."

"मंग टाक."

तिनं लगेच हात लावला नाही. "मावशी, ही ओळ बघणाऱ्याला एवढंच कळेल की ओळ पोचली. कुणी पाठवली ते ती ओळ सांगत नाही. उद्या तुम्ही तापानं पडलात तरी हे ठीक आहे म्हणूनच सांगेल."

"मला काय धाड भरलीया? तू टाक."

तिनं टाकली. दुसऱ्या दिवशी मी गॅसपाशी उभी असताना माझी ओळ पडद्यावर उमटली. परंदवडी, ठीक आहे, सहा. मला बरं वाटलं. मी आधी बोलले नव्हते, मशीन बोललं होतं. अबोल्याच्या कुठल्या रितीत मशीनचं नाव नाही.

पंधरा-वीस दिवस असे गेले. माझी सहाला जायची, त्यानंतर धाकलीची यायची. कधी सहा-चार, कधी सहा-बारा, एकदा सहा-चौदा. माणसाच्या हातची असावी तशी मागंपुढं. धाकलीला वाटत असणार की मोठी रोज आपल्या आधी दाबते, म्हणजे हरली. वाटू दे म्हटलं.

मग एक दिवस सहा-दहा. दुसऱ्या दिवशी सहा-दहा. तिसऱ्या दिवशी सहा-दहा. चौथ्या दिवशी मी तवा उतरवून ठेवला आणि हातात घड्याळ घेऊन पडद्यासमोर उभी राहिले. सेकंदाचा काटा बारावर आला आणि त्याच क्षणी ओळ उमटली. वलवण, ठीक आहे, सहा-दहा.

हे ओळखू शकेल अशी एकच बाई होती, ती मी. पुतणी ओळ आली की नाही एवढंच बघायची, पाळीवर तिला तेवढाच वेळ असायचा. उलट ती खुशीत होती. फोनवर म्हणाली, "दोघी कशा शहाण्या झालात बघ." मी म्हणाले, "व्हय."

मी तेव्हाच तिला सांगू शकले असते. पण तिनं विचारलं असतं, मोठी आई, तुला कसं कळलं? मग माझंही उघडं पडलं असतं. वलवणच्या शेजारणीला फोन लावता आला असता. पण ती बोलघेवडी. मोठीनं चौकशी केली, हे त्याच दिवशी धाकलीच्या कानावर गेलं असतं, म्हणजे मी हरले. असे आठ दिवस काढले. रोज सहा-दहाला पडद्यापाशी जायचे, ओळ बघायचे आणि स्वतःला सांगायचे की पाय बिघडला असता तर तिनं पोरीला कळवलं असतं. ती कळवणार नाही हे मला ठाऊक होतं. मीही कळवलं नसतं.

नवव्या दिवशी दुपारी चारला पुतणीचा फोन आला. वलवणची शेजारीण धाकलीच्या अंगणात कढीपत्ता मागायला गेली होती. दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या तशाच लटकत होत्या. हाका मारल्या, उत्तर नाही. खिडकीतून बघितलं तर धाकली मोरीच्या उंबऱ्याशी जमिनीवर पडलेली, काहीबाही बरळत. दार फोडून तिला काढलं. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला होता. तळेगावच्या दवाखान्यात आणलं होतं.

"पण सकाळी ओळ आली होती, मोठी आई," पुतणी रडत म्हणाली. "सहा-दहाला आली होती. म्हणजे सकाळपर्यंत बरी होती ती. दुपारीच काहीतरी झालं असणार."

मी म्हणाले, "येते."

दवाखान्यात पोचले तेव्हा धाकली शुद्धीवर नव्हती. पुतणी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, की सकाळपर्यंत आई उठून चालत होती. डॉक्टर म्हणाले, "पायाकडं बघून तसं वाटत नाही. दोन दिवस तरी झाले असतील." पुतणी म्हणाली, "नाही हो, माझ्याकडं पुरावा आहे," आणि तिनं मोबाईलवरची ओळ डॉक्टरांपुढं धरली. मी भिंतीला टेकून उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.

सकाळी आम्ही दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होतो. पुतणीनं दोन चहा आणले. मी कप तोंडाला लावला आणि तिचा मोबाईल वाजला. तिनं बघितलं. परंदवडी, ठीक आहे, सहा.

तिनं मोबाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर चहा पीत होते. ती मोबाईल हातात धरून बसून राहिली. मला कळलं ती कशाची वाट बघतेय. चहा निवला. दहा मिनिटांनी मोबाईल परत वाजला. वलवण, ठीक आहे, सहा-दहा. काचेच्या दारापलीकडं धाकली नाकातोंडात नळ्या घालून पडलेली दिसत होती.

"किती दिवस?" पुतणीनं विचारलं.

"माझं म्हणशील तर महिना झाला."

"आणि आईचं?"

"बारा दिवस."

"तुला माहीत होतं."

"आठ दिवस."

ती उठली, औषधांची चिठ्ठी घेतली आणि खाली गेली. चिठ्ठीतली औषधं रात्रीच आणून झाली होती.

दुपारी धाकलीला शुद्ध आली, डोळे स्वच्छ झाले. डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं. घोट्याच्या वर चार बोटं, तिथून पाय काढायचा, आणि तो संध्याकाळच्या आत काढायचा. उद्यावर टाकलं तर विष वर चढेल, मग पायानं भागणार नाही, जीव जाईल. बाई शुद्धीवर आहेत, तेव्हा सही त्यांचीच लागेल.

"न्हाई द्यायची," धाकली म्हणाली.

पुतणीनं हात जोडले, रागावून बघितलं, पायाशी बसून रडली. धाकलीचं एकच, "दोन पाय घिऊन आले, दोन घिऊनच जाईन." मी खिडकीपाशी उभी होते. धाकलीनं सलाईनच्या दांडीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "सांगा तिला, तितं उभी राहून वारा अडवू नको."

मीही दांडीलाच सांगितलं, "सांगा तिला, वारा वरच्या पंख्याचा हाय. म्या न्हाई अडवीत."

नर्स गोंधळली. "आज्जी, कुणाशी बोलताय?"

"त्यांचं असंच असतं," पुतणी म्हणाली आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

चार वाजत आले होते. मी स्टूल ओढलं, धाकलीच्या उशाशी बसले आणि तिच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "धाकले."

तिनं मान वळवली नाही, पण डोळे वळवले.

"माझी ओळ म्या पाठवीत नव्हते. मशीन पाठवत व्हतं. आन तुझी बी मशीनच पाठवतंय ते मला कळलं व्हतं. आठ दिस कळलं व्हतं. म्या गप बसले."

तिनं आता मानही वळवली. मग म्हणाली, "सहा म्हंजी सहा. रोज. तुला काय वाटलं, मला कळायचं न्हाई? एका घरात चाळीस वरसं काढली आपून. तू जल्मात कदी येळंवर उठलीस का?"

"न्हाई."

"म्या हिकडं पाय वढत टेबलापोतर जात व्हते, तुला उत्तर द्यायला. आन तिकडून मशीन. मला संताप आला. वायर बघायला इंटरनेटचा माणूस आलता, त्याला म्हनलं, माझं बी तसंच लाव. पाय ठणकत व्हता अक्का. तेवढीच चार पावलं वाचली."

त्या चार पावलांसाठी तर पोरीनं सगळं उभं केलं होतं. ते तिलाही कळत होतं.

"आदी तू बोललीस," धाकली म्हणाली.

"व्हय."

"म्हंजी हरलीस."

"हरले. साऱ्या भावकीला सांग. पर सांगायला जित्ती तर ऱ्हा. कर सही."

"आन पंगतीत पोरीला बोललीस ते?"

"ते खोटं व्हतं."

"मला काय सांगतीस? तिला सांग. मंग सही."

मी जिन्यावर गेले. पुतणी पायरीवर बसली होती, कपाळ गुडघ्यांना टेकवून. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "पंगतीत तुला बोलले ते खोटं बोलले. तुझी चूक नव्हती. त्यो माणूसच नालायक व्हता."

तिनं वर बघितलं. "हे आत्ता?"

"तुझी आई त्याबिगर सही करंना."

मी हे म्हणायला नको होतं. निदान दोन मिनिटं थांबायला हवं होतं. पण खरं तेच होतं, आणि घड्याळ पुढं चाललं होतं.

"म्हणजे सहीसाठी," ती म्हणाली.

"व्हय. पर खरं हाय ते."

ती हसली की रडली ते मला कळलं नाही. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "बरं. सांग तिला, ऐकलं म्हणून."

धाकलीनं सही केली. नीट, पुरं नाव, आडनावासकट. संध्याकाळी पाय काढला. ती वाचली.

पाय माझ्यामुळं गेला का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आठ दिवस आधी आणलं असतं तर कदाचित एखाद-दुसऱ्या बोटावर भागलं असतं, कदाचित नसतंही. मला कदाचित नको होतं. त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं.

आता धाकली तळेगावात पुतणीच्या खोलीत असते. पुतणीनं दुसरी पाळी मागून घेतली, सकाळी आईचं सगळं करून मग कामावर जाते. मी पंधरा दिवसांनी भेटायला जाते. धाकली अखंड बोलते, चौदा महिन्यांचं सगळं साठवलेलं. शेजारच्या बायकांना बोलावून माझ्यादेखत सांगते, "ही हरली. दांडीशी बोलता बोलता माझ्याशी बोलली." कुबड्या भिंतीला लावलेल्या असतात. पुतणी मला चहा देते, साखर बरोबर असते, पण ती खाली बसत नाही.

धाकली दवाखान्यातून सुटल्यावर आठवड्याभरानं पुतणी माझ्या घरी आली होती. वलवणचा लॅपटॉप तिनं आधीच काढून नेला होता. माझ्या लॅपटॉपची काळी खिडकी उघडून तिनं वेळापत्रकातली ती एक ओळ शोधली आणि पुसली. बाकी फाईल तशीच ठेवली. मग बाणावर बोट ठेवून ती थांबली.

"मोठी आई, तू म्हणशील उद्यापासून मी स्वतः दाबते."

"दाबीन."

"मी कसं ओळखू?"

मी विचार केला. दुकानातली ती बाई म्हणाली होती ते मला तेव्हा समजलं होतं आणि तरी मी ऐकलं नव्हतं. आता पोरीला थाप मारण्यात अर्थ नव्हता.

"न्हाई वळखता यायचं," मी म्हणाले.

तिनं झाकण लावलं आणि लॅपटॉप पिशवीत घातला. रागानं नाही. चहा अर्धाच प्यायली आणि गेली.

तेव्हापासून ती रोज साडेसहाला फोन करते. "उठलीस?" म्हणते. मी म्हणते, "उठले." "बरी आहेस?" "बरी हाय." मग फोन बंद. जेवलीस का, काय केलंस, गावात काय चाललंय, हे ती पूर्वी विचारायची, आता विचारत नाही. तिची आई मागून ओरडते, "विचार तिला, येळंवर उठली का?" पुतणी ते मला सांगत नाही, मला तसंच ऐकू येतं.

फोन मी तिसऱ्या घंटीला उचलते. पहिल्याच घंटीला उचलला तर तिला वाटेल, मी सहापासून त्याच्यापुढं बसून आहे. बसलेली असतेच. पण ते तिला कळायचं कारण नाही.